साडूचा आंशिक दाब

२ मार्च
फोरमनसाहेब महिनाअखेर रिटायर. खुर्ची एक, उमेदवार दोन: मी आणि साडू. साडूला या गॅस प्लँटमध्ये चिकटवला कोणी? मी. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून. स्वतःच्या पायावर धोंडा.
मालक म्हणाले, दोघांनी वेल्डिंग गॅसचा एकेक सिलिंडर भरा, ज्याचं मिश्रण बरोबर तो फोरमन. म्हणजे मीच.

३ मार्च
साडू सगळ्यांदेखत मला म्हणाला, साडूभाऊ, भरताना सिलिंडर तापतो, दाबाचा काटा जास्त दाखवतो, जरा गार होऊ द्या. लोडर फिदीफिदी हसले. सूड घेणार. आजपासून सिलिंडर गार होईपर्यंत थांबणं बंद.

५ मार्च
फोरमनसाहेबांनी जाता जाता आंशिक दाब समजावला. मिश्रणातला प्रत्येक वायू, दुसरा जणू नाहीच, असा आपापला दाब देतो. सगळ्यांची बेरीज काट्यावर दिसते. फार पटलं. मीही तसाच. माझ्या लेखी साडू नाहीच. आज त्याने नवे बूट घातले होते. तपकिरी. डावा जरा करकरतो.

८ मार्च, रविवार
सासऱ्यांकडे जेवण. सासरे म्हणाले, धाकटे जावई अभ्यासू आहेत. बायकोनेही मान डोलावली. ज्यांचा सूड घ्यायचा त्यांत बायकोलाही धरलं. परत येताना घराची किल्ली तिच्याकडे होती, म्हणून वगळलं.

११ मार्च
परीक्षेचा सिलिंडर भरला. काटा तीसवर येईपर्यंत कार्बन डायऑक्साइड, वर दीडशेपर्यंत आरगॉन. धडाधड. हात भाजला, पण थांबलो नाही. साडू मात्र प्रत्येक टप्प्याला सिलिंडर गार करत, काट्याकडे बघत बसलेला. माझं झालं तेव्हा त्याचं अर्धंही नव्हतं. दया आली. लगेच गेली.

संध्याकाळी बघतो तर साडू यार्डात दोन्ही सिलिंडर आडवे करून पायाने लोळवतोय! म्हणाला, तुमचाही लोळवून ठेवला, वायू नीट मिसळायला हवेत. माझ्या सिलिंडरला हात? यात काळंबेरं आहे.

१२ मार्च, सकाळी साडेसात
वाटलंच होतं! माझा काटा एकशे अडतीसवर. साडूचा दीडशे. साबणाचं पाणी लावून व्हॉल्व्ह तपासला. एकही बुडबुडा नाही. म्हणजे गळतीही किती सफाईने केलीय बघा.

मालकांना सांगणार होतो. पण मग सूड कसला! सिलिंडर दोन्ही एकसारखे. गळ्यात नावाची पत्र्याची चकती, तेवढाच फरक. चकत्या बदलल्या. आता गळका त्याचा, भरलेला माझा.

साडेआठ
झुकतं माप असावं म्हणून माझ्या (नव्या) सिलिंडरमध्ये आरगॉन आणखी दहा भरला. काटा एकशे साठ. कोणी बघत नाही असं पाहून पायाने लोळवलाही.

दुपारी बारा
अजून तासभर. फोरमनच्या खुर्चीत बसून पाहिलं. एक चाक अडकतं. साडूला दुरुस्त करायला लावेन.

दुपारी तीन
तपासणीच्या मशीनवर वीस टक्के कार्बन डायऑक्साइड हवा होता. साडूच्या नावाचा: वीस. माझ्या नावाचा: पावणेएकोणीस. मी ओरडलो, अहो पण त्याचा दाब बघा, गळतोय तो! फोरमनसाहेब म्हणाले, गळत नाही, गरम भरलेला गार झालाय. दोन्ही वायूंचे दाब सारख्याच हिशेबाने उतरले, प्रमाण तेच राहिलं. उलट तुम्ही वरून नुसता आरगॉन कोंबलात, तिथे बिघडलं.

साडू चकतीकडे बघत राहिला. मी गरम कुठे भरला, असं पुटपुटला. मग माझ्याकडे बघितलं. आणि चकती पुसून सरळ केली. भांडला असता तर बरं झालं असतं.

१३ मार्च
साडू फोरमन. खुर्ची महिनाअखेर, हुकूम आजपासून. त्याचा पहिला हुकूम: भरलेले सगळे सिलिंडर रोज लोळवायचे. कोणी? मी.

तो वीस टक्केवाला मी भरला होता. मी! सांगू कोणाला? सांगायचं तर चकत्यांचं आधी सांगावं लागेल.

रात्री सासऱ्यांचा फोन. रविवारी सगळ्यांनी जेवायला यायचं, धाकट्या जावयांचं कौतुक करायला. थोरले जावई म्हणून दोन शब्द मी बोलायचे आहेत.