गाणं अडलंय

एनिस, १४ ऑक्टोबर

प्रिय फिन्टन,

तू, शीला आणि मुली कुशल आहात असं धरून चालतो. ब्रिस्बेनला आता उन्हाळा चढत असेल. इथं पाऊस आहे. अधिक वर्णनाची तुला गरज नाही. माझा उजवा गुडघा सोडता सर्व क्षेम. नाताळच्या कार्डावर दोन ओळी खरडणारा भाऊ ऑक्टोबरातच पानं भरायला का बसला, असं वाटेल तुला. भिऊ नकोस, कुणी गेलेलं नाही.

गेल्या महिन्यात आपल्या जुन्या दोस्ताला, मॅलकीला, साठ पूर्ण झाली. मोहरचे समुद्रावरचे उंच कडे पाहायला जगभरातून बसगाड्या भरून लोक येतात आणि हा तीस मैलांवर मेंढ्या राखून एकदाही तिकडे फिरकलेला नाही.

"वर गेल्यावर स्वर्गाच्या दारात सेंट पीटरनं विचारलं, तर काय सांगू?" म्हणाला.

"पाऊस होता म्हणून सांग. त्याला खोटं वाटणार नाही."

ऐकेना. त्याच्याच गाडीतून निघालो. मागच्या सीटवर मेंढ्या नव्हत्या, पण नुकत्याच उतरल्या असाव्यात.

कड्यांवर धुकं. वाहनतळ, रांग, दगडी कठडा आणि कठड्यापलीकडे निव्वळ पांढरं. मॅलकी दहा मिनिटं टोपी काढून उभा राहिला. मग म्हणाला, "भव्य आहे." निर्गुण निराकाराचं दर्शन म्हणतात ते हेच असावं. नंतर लिस्डूनवार्नाला काळी बिअर आणि बॅलीव्हॉनला शिंपल्यांचं सूप घेतलं, तेव्हा कुठे तो सगुणाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी बरनच्या खडकाळ माळावर गेलो. ते पाषाणयुगातलं थडगं आठवतं ना, उभ्या दगडांच्या डोक्यावर एक आडवी शिळा? मॅलकीनं त्याला दोन फेऱ्या मारल्या.

"पाच हजार वर्षं एक ओझं मिळून धरलंय. यांच्यात कधी भांडण नसेल झालं."

"एकमेकांशी बोलत नाहीत ना, म्हणून टिकलं."

"बोलत तर तू आणि फिन्टनही नाही," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

सांगायचं राहिलं: मार्ग मी आखला होता, आणि त्यात आपलं गाव नव्हतं. रविवारी दुपारी चर्चपाशी मॅलकीनं गाडी डावीकडे वळवली. मी म्हटलं, हा रस्ता नव्हे. "गाडी माझी आहे, मास्तर," म्हणाला.

अकरा वर्षांनी नोरीनच्या पबात पाय ठेवला. शेगडीत पीटच्या, दलदलीतल्या वाळक्या मातीच्या, विटा जळत होत्या. खांबही तोच. नोरीननं वर न पाहता विचारलं, "मास्तर, वाट चुकलात का?"

"चुकवली गेली," मी म्हणालो.

रविवारचं गाणं चाललं होतं. मॅलकी गायला, अत्यंत वाईट गायला, आणि त्यानं पुढची हाक माझ्या नावानं टाकली. ऑस्ट्रेलियात तू विसरला नसशील: गाणाऱ्यानं पुढच्याचं नाव घ्यायचं, आणि तो गाईपर्यंत किंवा नाही म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. मी गायलो. मग सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले, मी कुणाचं नाव घेतो म्हणून. पॅकी कनीननं तर खुर्ची पुढे ओढलीसुद्धा.

आता जे गुडघ्यावर आणि धुक्यावर ढकलत आलो, ते लिहितो.

आईला पोचवून आपण सगळे तिथंच बसलो होतो. मी गायलो आणि हाक माझ्याकडे आली. तू खांबाआड होतास, मला दिसला नाहीस, असं मी अकरा वर्षं प्रत्येकाला सांगितलं. फादरनाही सांगितलं. फिन्टन, तू मला दिसला होतास. तू ग्लास खाली ठेवलास, घसा साफ केलास, डोळे मिटलेस. तू आईचं होडीचं गाणं म्हणणार, हे साऱ्या खोलीला ठाऊक होतं. आणि मी पॅकीचं नाव घेतलं. त्याची बावीस कडवी संपली तेव्हा खुंटीवर तुझा कोट नव्हता.

तिची शेवटची सहा वर्षं मी काढली. औषधं, आंघोळ, सगळं. तू दर रविवारी फोनवर दोन कडवी म्हणायचास, आणि पुढचा आठवडाभर ती मला त्याचंच कौतुक ऐकवायची. शेवटच्या दिवसांत तिनं मला तुझ्या नावानं हाक मारली, आणि मी ओ दिली. तिच्या दफनाच्या दिवशी तरी लोकांनी माझ्याकडे पाहावं, एवढंच मनात होतं. एवढंसंच होतं, म्हणून तर सांगायला लाज वाटली.

तर मॅलकीनं नेलं त्या रविवारी मी म्हणालो, "फिन्टन."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. शेवटी पॅकीनं विचारलं, "कोण फिन्टन?"

"मास्तरचा धाकटा," मॅलकी म्हणाला. "ब्रिस्बेनला असतो. यायला जरा वेळ लागेल."

"मग तोवर आम्ही काय करायचं?"

नोरीननं ग्लास पुसून फडताळात ठेवला. "गप्प बसायचं," म्हणाली. "नाव घेतलं गेलंय."

यालाही तीन रविवार झाले. पबात व्हायोलिन वाजतं, गात कुणी नाही. पॅकी दर सोमवारी मला फोन करून तुझी तब्येत विचारतो. त्याची बावीस कडवी तुझ्यामुळे अडकून पडली आहेत, त्याबद्दल गाव तुझं आभारी आहे. पण बाकीचेही अडलेत. नाही म्हणायचा हक्क तुला आहे. एका ओळीचं पत्र पुरे, नोरीन ते मोठ्यानं वाचेल. मात्र त्यानंतर पॅकी सुरू होईल, हे ध्यानात घेऊन काय ते ठरव.

मी आता दर रविवारी जातो. खांबासमोर बसतो, जिथून खांबाआडचं दिसतं तिथं.

एकदा तुझ्या नावाला मी ओ दिली. आता माझ्या हाकेला तू दे.

काहल