तोंडाचं माप, कागदाचं माप

१२ जानेवारी

प्रिय ताई,

तुझी चार पत्रं आली, माझं उत्तर एकही गेलं नाही. रागावली असशील तर राग सोबत घेऊनच ये. कुठे यायचं ते शेवटी लिहितो.

मी एका शिंप्याच्या दुकानात लागलोय. नवे कपडे आम्ही शिवत नाही, जुने सैल-घट्ट करून देतो. जगात कुणीच जाड होत नाही, हे मला इथे कळलं. पँटच आटते. एका गृहस्थांची तर पँट चामड्याच्या पट्ट्यासकट आटली होती!

पहिल्याच दिवशी त्यांची कंबर मोजून मी ओरडलो, "बेचाळीस!"

"टेप बदला तुमची," ते म्हणाले.

"टेप ठीक आहे, पोट बदला."

गिऱ्हाईक गेलं. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, तोंडाने अडतीस म्हणायचं, कागदावर बेचाळीस लिहायचं. माणूसही खूश, पँटही बसते. कागदावर खोटं लिहिलंस तर मात्र चारचौघांत उसवणार."

काल ती आली होती. हो, कॉलेजातली तीच, जिच्याबद्दल बोलून मी तुझं डोकं खायचो. कोटाच्या बाह्या आखूड करायला. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आमच्या वर्गात होतास ना? नाव काय रे तुझं?"

दोन वर्षं मी तिच्या मागच्याच बाकावर बसायचो, ताई.

ती गेल्यावर मास्तरांनी विचारलं, "कॉलेज का सोडलंस?" मी नेहमीचं सांगितलं: सरांनी भर वर्गात अपमान केला, ताठ मानेने निघून आलो. सुईत दोरा ओवता ओवता ते म्हणाले, "हे झालं तोंडाचं. कागदावर काय आहे?"

तर कागदावर लिहितो. सरांनी काहीच केलं नव्हतं. परीक्षेच्या सकाळी मी तिला चिठ्ठी दिली. "ही कुणाची?" म्हणत तिने न उघडताच ती परत केली. त्या तिरमिरीत मी पेपर टराटरा फाडला. सर तर माझ्यामागे धावत आले होते, "दुसरा देतो, बस खाली," म्हणत.

बाबा तेव्हाच म्हणाले होते, "पोरगा खोटं बोलतोय." तू माझ्यासाठी त्यांच्याशी भांडलीस आणि आठ महिने त्यांची पायरी चढली नाहीस. बाबांचं बरोबर होतं.

परीक्षेचा फॉर्म भरलाय. रविवारी दहा वाजता बाबांकडे ये. माझी बाजू अजिबात घ्यायची नाही. चहा यायच्या आत मी सगळं सांगणार. हाकललं तर पायरीवरून सांगेन. माझा आवाज केवढा आहे ते शेजाऱ्यांना ठाऊक आहे.

रविवारी सकाळी दहापर्यंतच
तुझा खोटारडा भाऊ