ओटीत घातलेली लेकरं

२९ सप्टेंबर, सोमवार

पोचलो बाई एकदाचे धामणदरीला! जऊळक्याच्या स्टेशनापासून एकाच ऑटोत मी, चार वर्षांची माझी कनक, दोन बॅगा, एक गादी आणि ऑटोवाल्याची कोंबडी. सगळ्यात आरामात कोंबडीच होती. राजू, म्हणजे आमचे मालक, नेहमीप्रमाणे ट्रक घेऊन नागपूरकडे. बायकोची नोकरी लागली म्हणून फोनवरच पेढे खाल्ले त्यानं.

नोकरी म्हणजे दोन महिन्यांची. वाशीमच्या एका संस्थेनं सोयाबीनच्या सोंगणीपुरतं, म्हणजे कापणीपुरतं, इथं पाळणाघर काढलंय. बाया सकाळी सहालाच ट्रॉलीत बसून वावरात जातात त्या दिवस मावळताना येतात, तोवर लेकरं पाहायची कोणी? तर मी पाहायची. कनक धरून अकरा लेकरं, दोन ते पाच वर्षांची. जागा समाजमंदिराची, ऐसपैस आहे, पंखा चालतो. मदतीला वैजयंती आहे, तिचा तीन वर्षांचा हरीओम आल्या आल्या माझ्या पायावर सांडला आणि वर मलाच रागावला. मला आवडला पोरगा.

राहायला दोन गल्ल्या सोडून कस्तुराबाईंची पुढची खोली. म्हातारी सत्तरीची, पण जीभ विशीतली. मला पाहिल्याबरोबर विचारलं, एवढी वाळकी बाई अकरा लेकरं कशी उचलन? मी म्हटलं, उचलणार नाही, हाकलीन. तेव्हापासून आमचं जमलं. आज वरण-भाकर तिच्याकडेच झाली.

२ ऑक्टोबर, दसरा

आज मजाच झाली. संस्थेचा टॅब आला. निळं रबरी कव्हर, आत गाणी, गोष्टी, चित्रं. शिवाय प्रत्येक मायनं आपल्या लेकराला दोन वाक्यं बोलून ठेवायची, म्हणजे पोर रडलं की तिचा आवाज लावता येतो. बायांनी लाजत लाजत आवाज भरले. मीही भरला: कनू, ये बाळा, जेवून घे. स्वतःचा आवाज ऐकून वाटलं, ही कोण भांडखोर बाई!

संध्याकाळी समाजमंदिरात विळ्यांची पूजा होती. दसऱ्याला आपल्याकडे अवजार पुजल्याशिवाय राहत नाहीत. कस्तुराबाईनं विचारलं, पोरी, तुह्यं अवजार कोठी हाय? मी टॅब पुढे केला. म्हातारीनं त्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि म्हणाली, ही उद्यापासून लेकरं सांभाळन, मंग हे अवजार कायचं, हे तं मायच झाली. बाया खदाखदा हसल्या. कोणीतरी खण आणला, तांदूळ आणले, नारळ ठेवला आणि टॅबची चक्क ओटी भरली!

मग वैजयंतीनं हरीओमला पाटापुढं बसवून म्हटलं, घे माय, तुह्या ओटीत घातलं, सांभाळ. तिचं पाहून सगळ्यांनी. मूल ओटीत घालणं म्हणजे खरं तर ते देऊन टाकणं, देवीला नाहीतर पोर नसलेल्या जावेला. इथं सगळी थट्टा. मीही कनकला बसवलं आणि हसत हसत तेच म्हटलं.

फक्त सरवरीची इफ्रा राहिली. सरवरीचं बांगड्यांचं दुकान आहे. तिनं आवाजही भरला नव्हता. तिला या पूजेत काही करायचं नव्हतं, शिवाय गिऱ्हाईक उभं होतं. पोरगी घेऊन ती आधीच निघून गेली.

६ ऑक्टोबर, सोमवार

काय सांगू, जादूच आहे! वावरात सोंगणी जोरात आणि इथं चिडीचूप. टॅब भिंतीला टेकवून ठेवला की दहाच्या दहा लेकरं मांडी घालून बसतात. रडणं नाही, चावणं नाही. वैजयंती आणि मी दुपारी निवांत चहा प्यालो. एकटी इफ्रा कोपऱ्यात डबे वाजवत असते. तिला टॅब नको, जवळसुद्धा जात नाही. संस्थेच्या सरांना फोन करून सांगितलं. ते खूश, म्हणाले फोटो पाठवा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

एक विचित्र गोष्ट झाली. दुपारी टॅब वैजयंतीच्या आवाजात बोलला: हरी, तुह्या गुडघ्याले लागलं नं, ये, फुकतो. हरीओम सकाळीच पडला होता. वैजयंतीनं तर दसऱ्याला फक्त जेव बाळा, झोप बाळा एवढंच भरलं होतं. मी तिला विचारलं, तर म्हणाली, मॅडम, तुमीच काही दाबलं असंल. मी काही दाबलं नव्हतं. पण तिच्याशी काय वाद घालायचा?

आणखी एक. दुपारी कोणी लेकरू वळून दाराकडं पाहत नाही. आधी पाहायची. दर पाच मिनिटांनी माय आली का, माय आली का, डोकं खाऊन टाकायची. आता विचारतच नाहीत. मला तर बरंच वाटायला हवं ना? वाटत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

मला भीती वाटतेय. लिहूनच टाकते.

काल संध्याकाळी ट्रॉली आली. बाया दारात. दहातलं एकही लेकरू उठलं नाही. वैजयंतीनं हरीओमला उचललं तर तो ताठ झाला, हात भिंतीला रोवले आणि मला विचारलं, ही बाई कोण हाय? वैजयंती आधी हसली. म्हणाली, नाटक्या हाय मेला. पण तो तिच्या तोंडाकडं असा पाहत होता की तिचं हसू गेलं. त्यानं रात्री तिच्या हातचा घासही घेतला नाही, असं तिनं आज मला रडत सांगितलं. बाकी घरांतही तेच.

मी घरी आल्यावर कनकला दहादा विचारलं, मी कोण? आई, म्हणाली. दहादा म्हणाली. पण पाहत होती माझ्या खांद्यामागं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

टॅब आज लावलाच नाही. बंद करून खिडकीत पालथा ठेवला. तरी दहाही लेकरं खिडकीखाली जाऊन बसली. माना कलत्या, गाल एका बाजूला, जशी कोणाच्या मांडीवर डोकी टेकली आहेत. पण तिथं नुसती फरशी होती.

इफ्राला जवळ घेतलं. तिनं सांगितलं, ती बाई सगळ्यांना गोदीत घेते, मला नाही बोलावत. कोणती बाई? तर म्हणे, पालथी आहे ना, ती. तोंड कसं आहे तिचं? इफ्रानं जरा विचार केला. म्हणाली, ज्याची अम्मी, त्याचं तोंड.

बंद टॅबमधून माझा आवाज आला. कनू, ये बाळा. त्यापुढं मी कधीही न भरलेलं: ती बाई तुझी कोणी नाही.

घरी येताना कनकनं माझं बोट धरलं होतं. रस्त्यात थांबून तिनं मला अहो-जाहो करून विचारलं, बाई, तुमचं लेकरू कोठी हाय?

देवा. माझं लेकरू. मी तिला तिथंच रस्त्यात घट्ट धरलं आणि रडले. लोक पाहत होते, पाहू दे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

वैजयंतीच्या नवऱ्यानं, इंद्रभाननं, टॅब ओट्यावर ठेवून दगड घातला. एकच घाव. काचेचा कोपरा तडकला आणि आत बसलेली दहाही लेकरं एकदम किंचाळली. हरीओमच्या कपाळाच्या कोपऱ्यातून रक्त. कनकच्याही. सगळ्यांच्या, एकाच जागी. इंद्रभानच्या हातून दगड गळाला. आता फोडायचीही सोय नाही.

टॅब समाजमंदिराच्या लोखंडी कपाटात घातला. कुलूप लावलं. सरांना फोन केला तर म्हणे, मॅडम, लेकरांना सवय लागते, दोन दिवस रडतील.

कस्तुराबाई कपाळ बडवून घेत होती. म्हणाली, मह्याच हातानं ओटी भरली, मीच चुकलो. देवीच्या ओटीत घातलं तरी बोली करतात, सव्वा महिना, पाच वर्सं, मंग पेढे वाटून लेकरू परत आणतात. आपुन हसण्याच्या नादात दिवसच बोललो नाही. बिनबोलीचं दिलं ते कायमचं दिलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज कोणी वावरात गेलं नाही. सगळ्या बाया नारळ, पेढे, खण घेऊन कपाटापुढं बसल्या. कस्तुराबाईनं पदर पसरला. म्हणाली, माय, आमची लेकरं आमाले दे.

आतून आवाज आले. सगळ्या मायांचे, एकदम, माझाही. कोनाची लेकरं?

एवढंच. पुन्हा पुन्हा. कोनाची लेकरं, कोनाची लेकरं — वैजयंती कानात बोटं घालून ओरडत होती, माह्यं हाय, माह्यं हाय! आणि तिच्या कडेवरचा हरीओम कपाटाकडं हात करून हसत होता.

सरवरी दुपारीच इफ्राला घेऊन मंगरूळपीरला भावाकडं निघाली. मलाही चल म्हणाली. मी कनकला उचलून बसकडं निघाले. गावाची शीव आली तशी कनकच्या नाकातून रक्त यायला लागलं. श्वास अडकला. ओठ निळे. मागं फिरले तसं थांबलं. दोनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा हिंमत झाली नाही.

आता ओढणीनं तिचं मनगट माझ्या मनगटाला बांधलंय. तीन गाठी.

१६ ऑक्टोबर, सकाळी

नऊ घरांतली नऊ लेकरं नाहीत.

दारं आतून बंद होती. हरीओम मायबापाच्या मधात झोपला होता. सकाळी मधली जागा थंड.

समाजमंदिर उघडलं. कोणी नाही. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं. कपाट उघडलं. टॅब आहे. काळा. कव्हरवर हात लावला तर गरम — अंगासारखा गरम. आणि आतून — झोपलेल्या लेकरांचा श्वास. एकाचा नाही.

वैजयंती टॅब छातीशी धरून बसली आहे. सोडत नाही.

कनक आहे. माझ्याजवळ आहे. गाठी आहेत.

१६ ऑक्टोबर, दुपारी

सगळं गाव वावरांत शोधून राह्यलं. आमी दोघीच घरात. दार लावलं, कडी लावली, दाराला पेटी आडवी लावली.

दारामागून मी बोलून राह्यली. माझा आवाज. कनू, दार उघड बाळा, आई आली. आत जी हाय ती नाही तुही आई.

कनक ओढून राह्यली. मनगट सोललं. दोघींचं. मी सोडत नाही. मारलं तिनं मले, चावली. चाव बाई. चाव. मी सोडत नाही.

तिच्या कानात सांगून राह्यली, तुले नऊ महिने मीच वागवलं, तुह्या तापात मीच जागली. ती ऐकत नाही. मी थांबत नाही.

— थोडी शांत झाली. मह्या मांडीवर डोकं ठेवलं. आई म्हणाली. मले म्हणाली! डोळ्यात पाहून म्हणाली. जिंकली मी —

तिकडचा आवाज बंद झाला.

१६ ऑक्टोबर

पुन्हा आला. मह्या आवाजात नाही.

साधू, म्हणते. साधू, ये बाई, किती वाळली तू.

मले साधू कोणी म्हणत नाही. एकच म्हणायची. मही आई. अकरा वर्सं झाली तिले जाऊन. तिचा आवाज कशातच भरला नव्हता, कोठीच नव्हता, मी किती शोधला होता — एक फोनसुद्धा नव्हता तिच्यापाशी —

साधू, भाकर थंडी होऊन राह्यली.

नाही. ती नाही. मले माहीत हाय ती नाही. कनक झोपली. हात धरला हाय तिचा. लिहून राह्यली म्हंजे हात कामात राहीन —

तेलाचा वास. तिच्या डोक्याच्या तेलाचा —

आई, मी येऊ शकत नाही. लेकरू हाय मह्यापाशी.

लेकरू माह्यापाशी दे, म्हणते, तू दमली. दोघीही या. मांडी मोठी हाय.

एक गाठ सुटली. मी नाही सोडली. मी — दुसरी मीच —

कनू उठू नको, कनू, आईचा हात धर, महा हात सुटला तरी तू धर, तू सोडू न