ॲप्रनच्या खिशातला चमचा

५ जानेवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. तुझ्या रक्तातली साखर काठावर आली आहे आणि तू तिला सांगतोस, काठावरच आहे ना, आत कुठे पडलोय. बाबाही असंच म्हणायचे. आधी बोट गेलं, मग पाय, आणि आपल्या बेकरीच्या दाराआड काठी आली. ती अजून तिथेच आहे ना? तिला तुझा हात लागू नये म्हणून माझा जीव टांगणीला लागलाय. डॉक्टर सांगतात तसं चाल, जेवण आवर, वेळेवर झोप.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं निमूटपणे केलं. रोज पुलापर्यंत चालून येतो. चहा बिनसाखरेचा, ताटात भाजी जास्त, पाव एकच. स्वतःच्या हातच्या केकचा तुकडासुद्धा घेतला नाही. तरी काल साखर वाढलेलीच निघाली. डॉक्टरांनी असं पाहिलं, जणू मी चोरून खातो. बायकोने घरातली कपाटं धुंडाळली. पुढच्या खेपेस गोळ्या सुरू करू, असं म्हणाले. ताई, घाबरलोय मी. बाबांचंच रक्त अंगात, त्यापुढे माझं काय चालणार? मग मन मारून जगायचं तरी कशाला?

भाचरांना आशीर्वाद. जमलं तर चार दिवस येऊन जा.
तुझा धाकटा

९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सगळं रक्ताच्या माथी मारू नकोस, आणि चालणं तर मुळीच सोडू नकोस. तुझं पत्र वाचून माझी झोप उडाली आणि एक आठवलं. बाबांच्या ॲप्रनच्या खिशात चमचा असायचा. क्रीमचा, पाकाचा प्रत्येक घाणा आधी त्यांच्या जिभेवर, मग गिऱ्हाइकाला. आईने टोकलं की म्हणायचे, हे काम आहे, खाणं नव्हे. तो चमचा आता कुणाच्या खिशात असतो रे? एक दिवस एवढंच कर. जितकं चाखशील, तितकंच एका वाडग्यात काढून ठेव. मी खोटी पडले तर हवं ते बोल मला.

उत्तराची वाट बघते. उशीर लावू नकोस.
तुझी ताई

१८ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकंच फिरलं होतं. माझ्या जिभेवर बेकरी चालते आणि तू तिलाच कुलूप घालायला निघालीस. तुला खोटं पाडायचं म्हणूनच वाडगा मांडला. दुपारीच तो शिगोशीग भरला. आम्ही दोघं नवराबायको त्याच्याकडे बघत उभे राहिलो.

चमचा कपाटात ठेवून दिला. आता सगळं तोलून घालतो. नवा प्रकार असला तरच चाखतो आणि लगेच चूळ भरतो. पहिला केक न चाखता दिला. गिऱ्हाईक केक परत आणणार म्हणून दिवसभर दाराकडे डोळे लावून होतो. ते आलं, पण तसाच आणखी एक मागायला.

काल तपासणी झाली. साखर उतरली आहे. गोळ्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, काठापासून मागे सरकलात, पण काठ कुठे गेलेला नाही, रोज सांभाळायचं. बाबांसमोर कुणी वाडगा मांडला असता तर, हेच राहून राहून मनात येतं.

काठी दाराआडच आहे. तिच्या टोकाला आकडा बसवलाय. शटर उंच आहे, ओढायला बरी पडते. तेवढ्यापुरतीच हातात घेतो.

अशीच कान पिळत राहा.
तुझा धाकटा