माकड कुठंय?

सास्तूर,
सोमवार

तेरचे आमचे व्याही शरणबसप्पा यांना महांतप्पाचे शरणु शरणार्थी.

इकडं आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमच्या गुडघ्याचं काय? तेल लावता, की नुसतंच आम्हाला लावायला सांगता? विहीणबाईंना आमच्या सिद्धम्माचा नमस्कार. तुमची शिवांजली खुशीत आहे, सून म्हणून आली आणि आता आम्हीच तिला विचारून वागतो, त्यामुळं तिची काळजी सोडा.

हातात फोन असताना म्हातारा कागद काळा करत बसलाय, असं तुम्ही म्हणाल. तर फोनवर तुम्ही एकदा हसायला लागलात की पुढचं बोलणं दोघांच्याही पदरात पडत नाही. शिवाय कागद बोटानं पुढं ढकलता येत नाही. (याचा फोटो काढून ग्रुपवर टाकलात तर सोयरीक आहे हे मी घटकाभर विसरीन.)

मागच्या श्रावणात आपण दोन्ही घरं मिळून येडशीला रामलिंगाच्या दर्शनाला गेलो होतो, तिथून याची सुरुवात आहे. तुम्ही होतातच, तरी थोडं आठवा. मी पायरीवर बसून शेंगा सोलत होतो. माकडानं शेंगांना हात लावला नाही, माझ्या डोक्यावरचा पटका उचलला. (शेंगा त्याला रोज मिळत असतील, पटका कधीतरीच.) माझा पटका म्हणजे नुसतं कापड नव्हे. भूकंपात डोक्यात दगड पडला, त्याची खोक टाळूवर वाटीसारखी राहिलीय. तेव्हापासून सिद्धम्मा सोडली तर माझं उघडं डोकं घरातल्या पोराबाळांनीही पाहिलेलं नव्हतं. म्हणून मी काठी घेऊन माकडामागं सुटलो. माझ्या मदतीला पेढेवाला आणि आणखी चार भली माणसं सुटली. धोतराचा सोगा सुटला, माकड झाडावर गेलं, पटका गेला तो गेलाच. विषय संपला असं मला वाटलं होतं.

आता पुढचं ऐका. माझ्या धाकट्या भावाचा सिद्धलिंग पुण्याकडं सेंट्रिंगच्या कामावर असतो. (भाऊ गेल्यावर त्याला आम्हीच वाढवला, हे तुम्हाला ठाऊक आहे.) मोठ्या इमारतीचं काम, राहायला पत्र्याची शेड. गेल्या महिन्यात त्याच्याकडून मला एक व्हिडिओ आला. एक टकला म्हातारा धोतर सावरत जिवाच्या आकांतानं पळतोय, मागून चार-पाच माणसं धावतायत आणि कुठूनतरी एका बाईचा काळीज चिरणारा आक्रोश येतोय. वर लाल अक्षरात लिहिलेलं, परप्रांतीयांनी आपल्या म्हाताऱ्या बापाला पळवून पळवून मारलं, त्या माउलीचा आक्रोश ऐका, रक्त उसळत नसेल तर बांगड्या भरा. खाली सिद्धलिंगनं स्वतःच्या मनानं लिहिलं होतं, ‘काका, ह्या बाबाच्या जागी तुम्ही असता तर?’

मला वाईट वाटलं. खरं सांगतो, मी दोनदा पाहिला आणि त्या म्हाताऱ्यासाठी हळहळलो. सिद्धम्मा भाकरी थापता थापता वाकली आणि म्हणाली, “अवो, ह्ये तुमीच की! धोतराचं ठिगळ बघा, माझ्या हातचं हाय.” (माणसाला स्वतःची पाठ आणि टाळू कुठं ओळखू येते?)

मी लगेच सिद्धलिंगला फोन लावला. तो म्हणाला, “काका, तुमच्या डोक्यावर पटका असतोय. ह्या बाबाच्या डोक्यावर न्हाय.” मी म्हटलं, अरं लेका, पटका माकडानं नेला. तर म्हणतो कसा, “मग ह्यात माकड कुठंय?” मी व्हिडिओ परत लावला. माकड तेवढं कुणीतरी कापून टाकलं होतं.

मग हळूहळू कळलं ते असं. ‘मातीचे वाघ’ नावाचा एक ग्रुप. त्याचा म्होरक्या स्वतःला वादळभाऊ म्हणवतो आणि त्याचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की हा व्हिडिओ खोटा आहे म्हणणारा माणूस विकला गेलेला समजायचा. म्हणजे मी विकला गेलो होतो, नुसतं कुणाला ते मला माहीत नव्हतं. आणि त्या आठवड्याच्या रविवारी सगळ्यांनी सळया घेऊन चौकात जमायचं आणि बाहेरच्या मजुरांच्या शेडवर जायचं. सिद्धलिंग आवेशात म्हणाला, “त्या बाबासाठी जाणार म्हंजे जाणार.” म्हणजे माझ्यासाठीच. पोलिसांची गाडी येईल तेव्हा वादळभाऊ घरी आमटीभात कालवत बसलेला असेल आणि आत जाईल आमचा सिद्धलिंग. नाहीतर कुणाचं तरी डोकं फुटेल. फुटलेलं डोकं म्हणजे काय असतं ते मला विचारा. माझं डोकं ढिगाऱ्याखालून ज्यांनी बाहेर काढलं ते फौजेतले जवान काय बोलत होते, त्यातला एक शब्दही मला कळला नव्हता. त्यांनीही माझं गाव विचारलं नव्हतं.

म्हणून सिद्धम्मानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली आणि मी येडशीच्या स्टेशनावर गाडी धरली. (गाडी यायची होती तोवर आजूबाजूची झाडं बघून घेतली. पटका घातलेलं माकड दिसलं नाही.) शेडवर पोहोचलो तर पोरं पाया पडली. लातूर, सोलापूर, आपल्याकडची, सगळी जिवाभावाची. चटणी खाऊन झाल्यावर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. आधीच सांगितलं असतं तर चटणी तरी वाचली असती.

शेवटी उपाय एकच उरला. आपल्यात चारचौघांत पटका मयतीलाच उतरतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. हात दोनदा वर गेला आणि खाली आला. मग समोर सिद्धलिंगचा चेहरा दिसला आणि मी पटका काढला.  सिद्धलिंग जवळ आला, फोनवरचं चित्र दोन बोटांनी ताणून मोठं केलं, त्यातली खोक बघितली, माझी बघितली. तेवढ्यात मागून एक चष्मेवाला म्हणाला, “खोक सेम हाय, पण पळताना बघावं लागंल.” (शिकलेला असणार.)

तर मी पळालो, व्याही. या वयात, वाळूच्या ढिगाभोवती, बोडक्या डोक्यानं. मागून सगळी पोरं फोन उगारून. त्याच वेळी शेजारच्या शेडमधून बिहारचा लालबाबू बाहेर आला. तो सळई बांधायचं काम करतो, तेव्हा स्वयंपाक करत होता. त्यानं बघितलं की एका म्हाताऱ्याच्या मागं ही पोरं लागलीत, आणि हातातला झारा घेऊन तसाच मला वाचवायला धावला. “अरे, बाबा को काहे दौड़ा रहे हो?” मी मागं वळून झारा पाहिला आणि आणखी जोरात पळालो.

सगळे दमून थांबले. वाळूच्या ढिगावर चढून एकानं हे टिपलं होतं, ते सगळ्यांनी बघितलं. मधल्या एका तुकड्यात काय दिसत होतं? पुढं पळणारा मराठी म्हातारा, आणि मागं झारा उगारलेला बिहारी. बाकी कुणीच नाही. आधीचं आणि नंतरचं कापलं की लाल अक्षरं लिहायला मोकळे. कुणी हसलं नाही. सिद्धलिंगनं तो तुकडा परत परत लावला आणि बारीक आवाजात म्हणाला, “काका, ह्यातबी माकड दिसंना.”

रविवारी आमच्या शेडमधलं कुणी चौकात गेलं नाही. लालबाबूनं त्यांच्याकडची लिट्टी केली, कणकेचे भाजलेले गोळे, तिच्याबरोबर तळाला उरलेली चटणी. मग प्रत्येकानं आपापल्या फोनमधले रक्त उसळवणारे व्हिडिओ काढले आणि सगळ्यांनी मिळून त्यांतलं माकड शोधलं. कुणी काढला, कुठं काढला, याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं. एका व्हिडिओवर लिहिलेलं, काल पुण्यात घडलं. त्यातल्या दुकानाची पाटी लालबाबूला वाचता येईना आणि मलाही येईना, ती तिसऱ्याच भाषेतली निघाली. आता त्या शेडमध्ये कुणी काही पाठवलं की आधी सगळे ओरडतात, माकड कुठंय! वादळभाऊनं सिद्धलिंगला ग्रुपमधून काढून टाकलं. तोही विकला गेला म्हणे.

निघताना मी त्याला विचारलं, तू चांगला आमच्या हातचा पोरगा, असल्यांच्या नादी लागलास कसा? पायानं वाळू उकरत म्हणाला, “काका, त्यो रोज विचारायचा, जेवलास का भावा म्हणून.” तिथं ठेकेदार त्याला ‘ए धाराशिव’ म्हणून हाक मारतो, नावानं नाही. आणि आपल्या सोयऱ्यांच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाचं फूल येतं. मी गाडीत बसल्यावर हेच घोकत आलो.

बाकी सगळं क्षेम. गुडघा जपा.

आपला,
महांतप्पा

ता.क. त्या व्हिडिओतला माउलीचा आक्रोश मी परत ऐकला. ते तुमचं हसणं आहे. म्हणजे व्हिडिओ तुम्हीच काढला होता आणि तुमच्या तेरच्या कुठल्यातरी ग्रुपवर हसण्यापुरता टाकला होता. पुढं तो कुणाच्या हाती गेला आणि कुणी कापला देव जाणे. राग नाही. पण तुमच्या फोनमध्ये अख्खा असेल तर कृपा करून पुसू नका. शेवटी माकड पटका घेऊन फांदीवर बसलेलं त्यात नक्की असणार. पलीकडच्या साईटवरची आपल्या लोहाऱ्याची पोरं अजून त्याच ग्रुपमध्ये आहेत आणि येत्या रविवारी त्यांना परत बोलावलंय. ती म्हणतात, टकली डोकी ढीगभर असतात.

ता.क. २. नुसता व्हिडिओ पाठवून भागणार नाही, तुम्ही स्वतः चला. शनिवारी येडशीला मी वाट बघतो. मी पटका काढतो, तुम्ही माझ्याकडं बघून तसंच हसा. एवढा पुरावा पुरे.

ता.क. ३. सकाळचं गुलाब बंद करा. त्याऐवजी सिद्धलिंगला जेवलास का विचारा. सिद्धम्मा रोज विचारते, पण तिला तो खोटं सांगतो. इवायांना, म्हणजे तुम्हाला, तो खोटं सांगणार नाही, असं तिचं म्हणणं.

ता.क. ४. पाकीट चिकटवता चिकटवता तुमच्याकडून गुलाबामागोमाग आणखी एक व्हिडिओ आला, घोंगड्या विकणारे परके लोक पोरं पळवतात म्हणून. व्याही, ह्यात माकड कुठंय?