पिस्टन परत गेला

५ जानेवारी २०२५, रविवार
यंदापासून डायरी इंग्रजीत लिहायची ठरवलं होतं. उद्यापासून लिहीन.

विषय गंभीर आहे. माझे वडील, अण्णा, मुंबई सोडून चाललेत, कायमचे. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि त्यांचे गुडघे गेले. माझी बहीण रश्मीताई कुडाळहून येऊन त्यांना २३ फेब्रुवारीला घेऊन जाणार. अण्णांनी माझ्याकडे एकच मागितलं. आपल्या गाडीवर मागे बसून एकदा जुहूला जायचं.

गाडी म्हणजे त्यांची १९९१ची टू-स्ट्रोक मोटारसायकल. तेव्हा रविवार म्हणजे बोरिवली ते जुहू. मी पुढे टाकीवर, आई मागे.

वसुधा म्हणाली, मग आजच ने ना. बायकोला प्लॅनिंग कळत नाही. दोन वर्षं खपून मी त्या गाडीचं रेसिंग इंजिन केलंय. पोर्ट कापून मोठे केले, कार्ब्युरेटर मोठा टाकला. ऑइल पंप काढला, आता ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतो. १६ फेब्रुवारीला पनवेलच्या पुढे जुन्या टू-स्ट्रोकची रेस आहे. आधी रेस. मग ट्रॉफी अण्णांच्या हातात, अण्णा मागे, आणि थेट जुहू.

संकल्प: रेसपर्यंत वडापाव बंद. रायडरचं वजनही महत्त्वाचं असतं.

११ जानेवारी, शनिवार
निलेशने इंजिन बांधून दिलं. निलेश म्हणजे माझा शाळेतला दोस्त, कांदिवलीला त्याचं गॅरेज आहे. आवाज एकदम झकास.

घरी आणून पार्किंगमध्ये यथासांग पूजा केली. हार, नारळ. मागे एकदा कुंकू लावलं होतं, ते वाऱ्याने उडून डोळ्यात गेलं. म्हणून यंदा शेंदूर. तेलात चांगला घट्ट कालवून टाकीच्या झाकणावर मधोमध लावला. झाकण म्हणजे गाडीचं कपाळच. आता शंभरच्या स्पीडलाही हलणार नाही. प्रत्येक गोष्टीत डोकं वापरावं लागतं.

अण्णा गॅलरीतून बघत होते. वरूनच ओरडले, चंदू, गाडयेचो मारुती केलंस रे!

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ७
ट्रायलला निघतोय.

त्याच दिवशी, ११
गोरेगावच्या फ्लायओव्हरवर इंजिन अचानक जोरात किंचाळलं आणि जाम. मागचं चाक घासत गेलं. पडलो नाही, हे माझं कौशल्य.

पेट्रोल बघायला झाकण उघडलं, तर सोड्याच्या बाटलीसारखा फुस्स आवाज. टाकी भरलेली. म्हणजे प्रेशर चांगलं आहे. एका रिक्षावाल्याने मागून पाय लावून निलेशपर्यंत ढकलत आणलं. वाटेत त्याने माझं वय विचारलं.

निलेशने इंजिन उघडलं. पिस्टनला चरे, रिंगा चिकटलेल्या. त्याचं म्हणणं, पेट्रोल कमी पोचतंय. म्हटलं, अरे टाकी फुल आहे! वीस वर्षं विमा कंपनीत क्लेम डिपार्टमेंटला काढलीत मी. नुसता फोटो बघून सांगतो चूक कोणाची. निदान: पिस्टन डुप्लिकेट होता.

एक वडापाव खाल्ला. मानसिक धक्क्यासाठी चालतो.

१९ जानेवारी, रविवार
नवा पिस्टन, ओरिजिनल. पूजा केली. गेल्या वेळी शेंदूर कंजुषीने लावला होता, असं मला वाटतं. यावेळी दुसरा थर दिला.

परत गोरेगाव. परत जाम. झाकण उघडलं, फुस्स. यावेळी पिस्टनच्या डोक्यालाच भोक पडलं होतं. निलेशने त्यातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, यार चंद्या, तू गाडी चालवतोस का बोअरवेल खणतोस?

निदान: ऑइल. डबा बदलला.

अण्णांनी विचारलं, जुहूचा काय झाला? म्हटलं, सोळा तारखेनंतर नक्की.

२५ जानेवारी, शनिवार
निलेशने आज एक चाचणी केली. टाकी काढून ठेवली, पेट्रोलची बाटली वर टांगली, नळी जोडली आणि इंजिन पाऊण तास तापवलं. काही म्हणजे काही झालं नाही. तो डोकं खाजवत बसला. मला मात्र लगेच कळलं. त्याच्या गॅरेजची जागा इंजिनाला लाभते.

तो म्हणाला, टाकी इथेच ठेवून जा, बघतो. टाकी कशाला? रोग पोटात आणि हा तपासतो टोपी! बसवून घेतली आणि निघालो.

२६ जानेवारी, रविवार
तिसरा पिस्टन. पूजा. गोरेगाव. फुस्स.

दमलोय. हायवेच्या कडेला हेल्मेट घालूनच बसलो होतो, कोणी ओळखू नये म्हणून. शेजारच्या बिल्डिंगचा सुयोग तरी गाडी थांबवून हाय करून गेला.

निदान: गोरेगाव. बघायला गेलं तर तिन्ही वेळा तिथेच. हवेत काहीतरी आहे. क्लेममध्येसुद्धा असे ब्लॅक स्पॉट असतात.

२ फेब्रुवारी, रविवार
पिस्टन मिळत नाहीयेत. अख्ख्या मुंबईत मी एकटाच घेतोय, असं दुकानदाराचं म्हणणं. पुण्याहून मागवला.

सूर्यनमस्कार सुरू करणार होतो. कंबर.

९ फेब्रुवारी, रविवार
दिवसभर निलेशकडे होतो. चौथा पिस्टन बसला. संध्याकाळी घरी आलो तर कुलूप. अण्णा आणि वसुधा दिवेलागणीला आले. अण्णा जिने चढून धापा टाकत होते, पण चेहरा खुललेला. चपलांना वाळू. खाली प्लास्टरचं काम चालू आहे, त्यांनी बघून चालायला हवं. बोललोही तसं. वसुधा गालातल्या गालात हसली. तिला सुरक्षेचं गांभीर्य नाही.

अण्णांना म्हटलं, आता फक्त एक आठवडा कळ काढा. म्हणाले, माझी घाई नाय रे.

१६ फेब्रुवारी, रविवार. पहाटे
आज रेस. टेम्पो करायचं निलेश म्हणत होता, पण इंजिन मोकळं व्हायला गाडी चालवतच नेणार. गोरेगाव टाळून. बोरिवलीहून सरळ घोडबंदर, ठाणे, मुलुंड, मग पनवेल. शत्रूला वळसा घालायचा.

शेंदूर भरपूर लावलाय. रेस म्हटल्यावर हात आखडता घेऊन चालत नाही.

दुपार
घोडबंदर रोड, गायमुखचा चढ. जाम.

म्हणजे दोष गोरेगावचा नव्हता. विनाकारण नाव घेतलं.

रेस संपली असेल आता. टेम्पोत गाडीशेजारी बसून लिहितोय. टेम्पोवाला म्हणतोय, साहेब, विकून टाका.

१७ फेब्रुवारी, सोमवार
निलेश चिडला. म्हणाला, वाट लावलीस त्या गाडीची. सगळं काढ, ओरिजिनल इंजिन कर, म्हाताऱ्याला फिरव आणि मोकळा हो. मी शांतपणे सांगितलं की रेसिंग इंजिन बांधायला संयम लागतो आणि तो त्याच्यात नाही. मग त्याने चहा मागवला. शेवटचा पिस्टन त्याच्याकडे कुठेतरी पडलेला, तो बसवून देतो म्हणाला.

ऑफिसात एक क्लेम नामंजूर केला. माणसाने स्वतःच ब्रेकला ग्रीस लावलं होतं. काय एकेक लोक असतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार
उद्या अण्णा जाणार. म्हणून आज. ट्रॉफी नाही तर नाही.

सकाळी लवकर उठून पूजा केली. अण्णांनी पांढरी पँट घातली. कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर थांबत तीन जिने उतरले. वसुधा म्हणाली, अण्णा, कशाला? ते म्हणाले, चल गो, होऊ दे. मागे बसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हलका लागला हात. पूर्वी जड असायचा.

अगदी सावकाश चालवली. तीसच्या वर नाहीच. कांदिवलीच्या पुढे खोकली आणि बंद. यावेळी जाम झाली नाही, नुसती गप्प बसली. झाकण उघडलं, फुस्स. बंद केलं, किक मारली, सुरू! अण्णा म्हणाले, बघ, रुसली होती. मालाडला परत बंद. परत झाकण, परत किक, परत थोडं अंतर. असं किती वेळा झालं सांगवत नाही. ऊन चढलं. अण्णांना फुटपाथवर एका दुकानाच्या पायरीवर बसवलं. त्यांनी माझ्या हेल्मेटची काच वर करून रुमालाने माझा घाम पुसला, लहानपणी पुसायचे तसा. मला रडूच यायला लागलं. हेल्मेट काढलं नाही.

अण्णांना रिक्षाने घरी पाठवलं. गाडी ढकलत आणली.

निदान: नाही. सुचत नाहीये.

२३ फेब्रुवारी, रविवार
अण्णा गेले कुडाळला. जाताना पार्किंगमध्ये टाकीवरून हात फिरवला. बोटं शेंदराने माखली. रश्मीताईने ओल्या टॉवेलने पुसून दिली.

२ मार्च, रविवार
सकाळी वसुधाने तेलाचा नवीन डबा फोडायला सांगितलं. सुरीने एक भोक पाडलं, डबा उलटा केला. बुडूक बुडूक करून थोडं आलं आणि थांबलं. हलवला, तरी नाही. वसुधा म्हणाली, अरे दुसरं भोक पाड ना, हवा आत गेल्याशिवाय तेल कसं येईल?

मी डबा तसाच धरून उभा राहिलो. तेल ओट्यावर, तिथून खाली. वसुधा ओरडत होती.

खाली गेलो. झाकणावरचा शेंदूर खरवडला. थरावर थर. तळाशी मधोमध एक बारीक भोक सापडलं, पूर्ण बुजलेलं. पेट्रोल उतरलं की तेवढी हवा त्यातून आत यायची. हवा नाही म्हणून पेट्रोल उतरत नव्हतं, आणि पेट्रोल नाही म्हणून त्यातलं ऑइलही नाही. पिस्टन कोरडा जळत होता. मी दर वेळी पूजा करून भोक आणखी घट्ट बंद करत होतो. माझ्या टेबलावर हा क्लेम आला असता तर मी पहिल्या दिवशी नामंजूर केला असता.

सुई घातली, भोक मोकळं केलं. किक मारली. गोरेगाव गेलं, कळलंसुद्धा नाही. जुहूला पोचलो. मागची सीट रिकामी. दहा मिनिटं थांबलो आणि परत आलो.

घरी येऊन अण्णांना फोन केला. म्हटलं, अण्णा, गाडी चालली, जुहूला जाऊन आलो, तुम्हालाच तेवढं नेऊ शकलो नाही हो. ते हसले. म्हणाले, अरे मी कधीच जावन इलंय. तू पिस्टन घालीत होतंस त्या रविवारी वसुधान स्कूटरवरसून नेल्यान. बर्फाचो गोळोय खाल्लंय, काळोखट्टा. तुका वायट वाटात म्हणान सांगूक नाय.

मग बावीस तारखेला गुडघे दुखत असताना तीन जिने कशाला उतरलात, विचारलं. तर म्हणाले, तुका माका नेवचा होता म्हणान.

फोन ठेवला. स्वयंपाकघरात तेल तसंच सांडलेलं होतं. वसुधाने हातात फडकं दिलं. पुसून काढलं.