काचेच्या लोकरीची बॅटरी

६ जानेवारी, सोमवार

एतू उद्या सैन्यात चालला. नातू माझा, वय एकोणीस. आमच्याकडे सगळीच पोरं जातात, त्यात रडण्यासारखं काही नाही. त्याची आई फोनवर रडली. ती हेलसिंकीत राहते, तिला सवड असते.

त्याची व्हॅन माझ्या गोठ्यात राहिली. गाई गेल्या, व्हॅन आली. दूध देत नाही, हंबरते मात्र जास्त. मागे कपाटाएवढे दोन स्पीकर आणि त्यांच्यासाठी वेगळी बॅटरी, डुकराच्या पिल्लाच्या वजनाची. दोन उन्हाळे लाकडाच्या मिलमध्ये राबून पोराने एवढं जमवलंय.

जाताना मला दोनदा समजावलं, जशी काही मी खुळी. म्हणाला, आज्जी, ही एजीएम आहे. हिच्यात पाणी घालायचं नसतं. आत काचेची लोकर आहे, तेजाब तिच्यात मुरलेलं. उघडायची नाही. हा छोटा निळा चार्जर एजीएमचं बटण दाबून लावायचा आणि विसरून जायचं. मीटर बारा पॉइंट आठ दाखवतं तेव्हा हिचं पोट भरलेलं. बारा पॉइंट चारच्या खाली जाऊ द्यायची नाही. आणि आजोबांचा ट्रॅक्टरचा चार्जर लावलास तर याद राख.

मी म्हटलं, मी अकरा गाई आणि एक नवरा सांभाळलाय. तो म्हणाला, आज्जी, गाई ओरडून सांगतात तरी.

संकल्प: रोज मीटर बघून इथे लिहायचं. शेजारची हिल्का तिचा रक्तदाब लिहिते, मी बॅटरी लिहीन.

७ जानेवारी

१२.८. एतू गेला. बसपाशी मिठी मारायला आला, मी हातमोजे दिले.

८ जानेवारी

१२.८.

११ जानेवारी

उणे सव्वीस. बघायला गेले नाही. १२.८च असणार, तिला कुठे जायचंय.

९ मार्च, रविवार

मध्ये लिहायचं राहिलं. सगळं नीट आहे.

टोमॅटोची रोपं केली. त्यांच्या दिव्याला लांब वायर हवी होती आणि घरात लांब वायर एकच, ती गोठ्यात निळ्या चार्जरला गुंतलेली. टोमॅटोत जीव असतो, बॅटरीत नसतो. वायर आणली. पण मी अन्याय करणारी नाही. फोनवर विजेचा भाव तासागणिक दिसतो, तेव्हा ठरवलं की वीज स्वस्त झाली की वायर परत बॅटरीला. स्वस्त होते पहाटे. पहाटे मी झोपलेली असते, हा विजेचा दोष.

२० एप्रिल, ईस्टर

व्हॅनमध्ये जाऊन बसले. तपासायलाच. एतूने गाण्याच्या मशीनमध्ये टँगोची गाणी भरून ठेवलीत माझ्यासाठी. तपासायचं तर नीट तपासावं, म्हणून आवाज पुरा केला. पहिल्याच ठोक्याला गोठ्याच्या छपरावरचा सगळा बर्फ धाडकन खाली. नाहीतर फावडं घेऊन मलाच वर चढावं लागलं असतं. एवढी उपयोगाची वस्तू, आणि पोरगा म्हणतो नुसती गाण्यासाठी आहे.

आजपासून रविवारची कॉफी व्हॅनमध्ये.

मीटर १२.१. बारा म्हणजे बारा. पॉइंटच्या पुढचं शिकवायला घेतलं त्याच्या आधीच मी शाळा सोडली होती.

एतूचा फोन. बॅटरी किती? म्हटलं, बारा. बारा पॉइंट किती? म्हटलं, लाइन खराब आहे रे.

१८ मे, रविवार

गावाची बैठक. तळ्याकाठच्या नाचमांडवात युहान्नुसला, म्हणजे भर उन्हाळ्याच्या सणाला, नाच होणार की नाही यावर. ओउलू शहराचा बँड येत नाही. बँड फुटला. गायक आणि ड्रमरची बायको.

हिल्का लगेच उठली. म्हणाली, माझा भाऊ रेइनो अकॉर्डियन वाजवेल. रेइनोला चार गाणी येतात आणि त्यातलं एक मयताचं आहे.

मी उठले. म्हटलं, आमच्या एतूची व्हॅन वाजेल. तळं हलेल.

हिल्का म्हणाली, टाइमी, तुला स्वतःच्या रेडिओचं बटण सापडत नाही. मी म्हटलं, रेडिओ तुझ्यासारख्यांना लागतो. आमच्या व्हॅनने छपरावरचा बर्फ पाडलाय. ती म्हणाली, आणि नाही वाजली तर? मी म्हटलं, नाही वाजली तर पुढच्या वर्षीपासून मांडवातली कॉफी तू कर.

सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. तीस वर्षं मांडवातली कॉफी मी करते. मोठी किटली माझ्या घरी राहते, आणि जिच्या घरी किटली तिचा मांडवात शब्द चालतो. हिल्काची कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. तरी ती हसली. तिला किटली दिसायला लागली होती.

घरी येऊन मीटर बघितलं. ११.६. बारापैकी साडेअकराच्या वर. शाळेत मला एवढे कधी पडले नाहीत.

एतूला फोनवर नाचाचं सांगितलं. तो म्हणाला, आज्जी, खरं सांग, निळा चार्जर लावलेला आहे ना? म्हटलं, आहे की. (उद्या लावते.)

२ जून, सोमवार

लावला. निळ्यावर लाल दिवा लागला आणि त्याने काम करायला नकार दिला. मी पुन्हा लावला, पुन्हा लाल. आजकालची यंत्रं माणसाचं तोंड बघून काम करतात.

नवऱ्याचा, म्हणजे आर्वोचा, ट्रॅक्टरचा चार्जर काढला. आर्वो मेला, चार्जर नाही. लोखंडी खोका, कपडे वाळवायच्या चिमट्यांसारखे पण हाताएवढे चिमटे. एतू याद राख म्हणाला होता, पण त्याने ट्रॅक्टर कुठे बघितलाय थंडीत उठताना.

बॅटरी लगेच कढत झाली. आत गुडगुडलं. काम चालू असल्याची खूण. कुजक्या अंड्यांचा वास सुटला, तो हिल्काच्या खुराड्याचा. वारा तिकडूनच होता.

संकल्प: हिल्काशी कोंबड्यांबद्दल बोलायचं.

३ जून

सकाळी १२.९! एतूच्या आकड्याच्याही वर. दोन टँगो ऐकले, बक्षीस म्हणून. संध्याकाळी ११.९. मीटर बिघडलंय.

१२ जून, गुरुवार

व्हॅन घेऊन शहरात गेले, गाड्यांच्या सामानाच्या दुकानात. पासी नावाचा माणूस. बॅटरीला यंत्र लावून उभा राहिला आणि तोंड असं केलं, जसं आमचे गुरांचे डॉक्टर वाईट सांगायच्या आधी करायचे.

म्हणाला, आजी, हिला आधी उपाशी ठेवलंय आणि मग एकदम कोंबून भरवलंय. मी म्हटलं, घरातल्या सगळ्यांना असंच वाढवलं, कोणाची तक्रार नाही. तो म्हणाला, थोडा जीव बाकी आहे. एजीएमच्या चार्जरवर हळूहळू चढवा, दोन दिवस घ्या. गार जागी नको, उबेत ठेवा. खरं तर नवीच घ्या.

नवीच घ्या म्हणे. विकायला बसलेला माणूस दुसरं काय सांगणार. त्याच्या एवढ्या बोलण्यात कामाचा शब्द एकच निघाला: ऊब.

१९ जून, गुरुवार

उद्या नाच. आज ऊब.

स्वयंपाकघरात पुल्ला, म्हणजे वेलचीचे गोड पाव, फुगत ठेवलेत, तिथे तेजाब नको. बैठकीची खोली माणसांसाठी. राहिला सौना, आमची भट्टीची घाम काढायची खोली. मला आधी कसं सुचलं नाही! मी त्या सौनात जन्मले. आर्वोला शेवटचं तिथेच धुतलं. मधल्या काळात कंबर, खोकला, दोन वासरं आणि हिल्काची मेंढी तिथेच बरी झाली. मेंढीचे तिने अजून आभार मानलेले नाहीत. आणि बॅटरीच्या आत लोकर आहे. लोकरीला काय मानवतं हे मला पासीने शिकवायला नको.

हातगाडीवरून नेली. आधी खालच्या फळीवर ठेवली, दमाने. मग वरच्या फळीवर. आर्वोचा चार्जर बाहेर ठेवून चिमटे खिडकीतून आत घेतले. भट्टीच्या दगडांवर पाणी टाकलं नाही, मी काही वेडी नाही. सौनात अंगावर मारतात त्या भूर्जाच्या डहाळीने दोनदा थोपटलं फक्त. सवय.

जेवून आले तर बॅटरीच्या दोन्ही कुशी फुगलेल्या. गाय चरून आली की दिसते तशी. पोट भरलं! मीटर १३.२. सैन्यातल्या पोराला बारा पॉइंट आठ जमत होतं. मी तेरा ओलांडले, तेही जेमतेम शाळेत जाऊन.

एतूचा फोन. म्हणाला, कुठे ठेवलीयस? म्हटलं, उबेत. म्हणाला, शाब्बास आज्जी.

२१ जून, शनिवार

काल नाच झाला.

सगळा गाव आला. व्हॅन मांडवाला पाठ करून लावली. हिल्का म्हणाली, इंजिन बंद ठेव टाइमी, तुझा धूर केकच्या सायीत येतो. मी म्हटलं, इंजिन कोणाला हवंय, आमची बॅटरी पोटभर जेवलेली आहे.

पहिला टँगो लावला. तळं हललं. मी सगळ्यांसमोर बोलले होते, हललं! बायका पुरुषांच्या खांद्यावर डोकी टेकवून फिरायला लागल्या. मी किटलीपाशी उभी राहून हिल्काकडे बघितलं. नीट बघितलं, घाई न करता.

दुसऱ्या कडव्यात स्पीकरने खाटीक दिसलेल्या गाईसारखा आवाज काढला. मग काहीच नाही. जोड्या जागच्या जागी, एकेक पाय हवेत. डासांचं गाणं ऐकू येत होतं. मीटर नऊ. इंजिन सुरू करायला गेले, तेही खोकून बंद पडलं. माझी चूक कुठे नाही. तळ्याकाठी दमट हवा असते आणि तो टँगो जड होता, हलका लावायला हवा होता.

रेइनोच्या गाडीत अकॉर्डियन होतं, योगायोगाने. पट्टा आधीच खांद्यावर होता, तोही योगायोगाने. त्याने चारही गाणी वाजवली, मग पुन्हा चारही. लोक नाचले. मयताचं गाणं तीनदा मागितलं.

शेवटी हिल्का माझ्यासाठी कॉफी घेऊन आली. स्वतः केलेली. म्हणाली, घे टाइमी, सवय करायला लागेल. मी प्यायले. सगळे बघत होते म्हणून.

२८ जून, शनिवार

एतू सुटीवर आला. मी म्हटलं, बॅटरी खराब निघाली, तुला फसवलं विकणाऱ्याने. तो गोठ्यात गेला, बॅटरीच्या फुगलेल्या कुशींवरून हात फिरवला. ओरडला नाही. ओरडला असता तर मला बोलता आलं असतं.

मग म्हणाला, आज्जी, तू हिला सौनात नेलंस? मी म्हटलं, कोणी चुगली केली? त्याने बॅटरीच्या बाजूला चिकटलेलं पान सोलून काढलं. भूर्जाचं.

तो गवतावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. पासीलाही कळलं, म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला. एतू म्हणाला, आज्जी, एखादा आकडा तरी खरा सांगायचास. मी त्याला पुल्ला दिला. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

२९ जून, रविवार

हिल्का हातगाडी घेऊन किटली न्यायला आली. किटली सौनाच्या बाहेरच्या खोलीत असते. ते दार वाऱ्याने सारखं बंद होतं, म्हणून एतूने बॅटरी आणून उघड्या दाराला टेकवली. दार जागचं हललं नाही. हिल्का किटली घेऊन आरामात बाहेर पडली.

जाताना म्हणाली, टाइमी, कॉफी किती चमचे टाकतेस गं तू? मी म्हटलं, बारा. ती म्हणाली, बरोब्बर बारा?

लाइन खराब आहे म्हणता येईना. समोर उभी होती.